सीलबंद टिप्स

बुद्धप्रियाला माणसांच्या कानांची किळस कधी आली नव्हती. आली असती तर तिने हे काम धरलंच नसतं. श्रवणतपासणीचा डिप्लोमा करून तिने चार वर्षं एका धर्मादाय दवाखान्यात काढली होती, आणि तिथे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांवर आयुष्य घालवलेल्या माणसांचे कान पाहिले होते. मळात कालवून घट्ट बसलेली सुताची धूळ असायची, काडीने टोकरून केलेल्या जखमा असायच्या. एकदा तर मेलेलं झुरळ निघालं होतं. तिने ते चिमट्याने काढून ट्रेमध्ये ठेवलं, हात धुतले आणि डबा खाल्ला. अंगातून निघतं ते अंगाचं, त्याच्यावर नाक काय मुरडायचं, असं तिला वाटे.

मग महेश्वरने तिला दुकानात घेतलं.

सात रस्ता चौकाजवळ त्याचं दुकान होतं. आधी तिथे मोबाइलची कव्हरं मिळायची. पुढे महेश्वरने काचेचं दार बसवलं, भिंतींना काळा फोम लावला, एसी घेतला आणि कानाच्या आत बसणारे भारीतले इअरफोन विकायला सुरुवात केली. किंमत ऐकून काही जण दारातूनच परत फिरत, पण घेणारेही निघत. बार्शीहून येत, लातूरहून येत, विजापूरहून येत. महेश्वर बोलायला गोड होता आणि त्याला एक गोष्ट नेमकी कळली होती. इअरफोन कितीही महाग असो, तो कानात नीट बसला नाही तर फुकट. त्याच्या तोंडाशी रबराची किंवा फोमची जी छोटी टोपी असते, तिला टिप म्हणतात. ती टिप कानाच्या नळीला सगळीकडून टेकली पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी खर्ज गळून जातो आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज उरतो. मग माणूस आवाज वाढवत नेतो आणि कान घालवून बसतो.

म्हणून बुद्धप्रिया. तिच्या कार्डावर ‘फिटिंग एक्स्पर्ट’ असं छापलं होतं. तिचे वडील ते कार्ड पाकिटात ठेवत आणि विहारात भेटेल त्याला काढून दाखवत. काम तिला आवडायचंही. ती गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायची, कानात बारीक कॅमेरा धरायची आणि समोरच्या मोठ्या टीव्हीवर त्याला त्याच्याच कानाची नळी दाखवायची. बहुतेकांचे दोन कान सारखे नसतात, हे पाहून माणसं चकित व्हायची. मग ती मापाची टिप निवडून सीलबंद पाकीट त्यांच्यासमोर फोडायची.

“समोरच फोडायचं,” महेश्वरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “चर्र आवाज आला पाहिजे. गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे की हे आपल्याचसाठी उघडलंय.”

घालून पाहिलेल्या, मापाला न लागलेल्या टिप्स एका पांढऱ्या भांड्यात टाकायच्या. त्या फेकून देतात, असं तिला सांगितलं होतं, आणि ती ते धरून चालली होती.

गुरुसिद्धप्पा आले ते मार्च महिन्यात. पासष्टीचा माणूस, पांढरं धोतर, कपाळावर विभूती. यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारा म्हणून, चाळीस वर्षं काढलेली. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलीने, गिरिजाने, त्यांना भारी इअरफोनची जोडी पाठवली होती. त्यांना जुनी कानडी वचनगायनाची रेकॉर्डिंग ऐकायचा नाद होता.

“मुलगी म्हणते, लई भारी हाय,” त्यांनी डबी टेबलावर ठेवली. “मला तर कायबी कळंना. डबड्यावानी वाजतंय. आणि सारखं गळून पडतंय.”

तिने कान पाहिले. डाव्या कानाने बारीक आवाज जवळजवळ ऐकूच येत नव्हते. त्या बाजूला माग असायचा, त्यांनी सांगितलं. उजवा मात्र चांगला होता, त्या वयाला नवल वाटावं इतका चांगला. पण उजव्याची नळी अरुंद होती आणि आत गेल्यावर वळलेली होती. नेहमीची टिप तिथे टेकतच नव्हती. तिने तासभर घालवला. सहा जोड्या घालून काढल्या. शेवटी उजव्याला एकावर एक दोन टोप्यांची लहान टिप लागली आणि डाव्याला मधली, फोमची.

“काका, तोंड उघडा. आता कान वर आणि मागे ओढा. आणि हे हळूच फिरवत आत घ्या. हां. आता तोंड मिटा.”

तिने गाणं लावलं, तेही त्यांच्या नेहमीच्या आवाजाच्या निम्म्यावर. गुरुसिद्धप्पांनी डोळे मिटले. मग उघडले आणि मागे वळून पाहिलं.

“मागं तंबोरा हाय की,” ते म्हणाले. “इतकी वर्षं ऐकतोय मी हे. तंबोरा हाय हे कदी कळलंच न्हाय मला.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते धोतराच्या टोकाने पुसलं आणि बुद्धप्रियाच्या डोक्यावर हात ठेवला. “पुण्य लागंल यव्वा तुला.” लेकीबाळींना ते कानडीत यव्वा, म्हणजे आई, म्हणत.

त्या रात्री तिने घरी जेवताना ही गोष्ट दोनदा सांगितली.

एप्रिलच्या सुरुवातीला तिने एका मुलीसाठी फोमच्या टिप्सचं पाकीट फोडलं. चर्र आवाज आला. टिप बोटांत दाबून बारीक केली आणि मुलीच्या कानाशी नेली, तेवढ्यात तिला वास आला. माक्याच्या तेलाचा. मुलीच्या केसांना तेल नव्हतं, शाम्पूचा वास येत होता. बुद्धप्रियाने टिप नाकाशी नेली. वास टिपेलाच होता. नव्याकोऱ्या, सीलबंद टिपेला.

“जरा डिफेक्ट दिसतोय,” असं म्हणून तिने दुसरं पाकीट फोडलं. यातली टिप रबराची होती. तिने ती उजेडात धरून कड उलटली. आतल्या घडीत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, पिवळट तपकिरी काहीतरी बसलं होतं. मोहरीएवढं. ती चार वर्षं रोज तेच पाहत आली होती. ते काय आहे, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिसरं पाकीट स्वच्छ निघालं. तिने मुलीचं काम उरकलं आणि ती दुकानामागच्या खोलीत गेली.

झाडलोट करणाऱ्या लीलामावशी फरशीवर बसल्या होत्या. पुढ्यात निळा टब, त्यात फेसाचं पाणी आणि पाण्यात शे-दीडशे टिप्स तरंगत होत्या. मावशी एकेक उचलून जुन्या टूथब्रशने घासत होत्या आणि टॉवेलवर ठेवत होत्या. शेजारी पाकिटांची तोंडं चिकटवायचं छोटं मशीन होतं. पाण्यावर साय धरल्यासारखा एक राखाडी तवंग आला होता. आणि टबाच्या कडेला, त्याच फेसात, चहाचे सहा कप बुडवून ठेवले होते.

“मावशी, हे कप?”

“येकदमच धुते की,” लीलामावशी म्हणाल्या. “दोनदा साबण कशाला घालवायचा?”

सात महिने ती त्या कपांतून चहा पीत होती. दिवसातून तीनदा. बुद्धप्रिया मोरीपर्यंत पोचली नाही, दाराशीच ओकली. लीलामावशी घाबरून उठल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. त्यांचा हात ओला होता, फेसाचा. बुद्धप्रियाने तो झटकून टाकला.

महेश्वर घाबरला नाही. त्याने तिला केबिनमध्ये बसवलं, पाण्याची सीलबंद बाटली पुढे केली.

“अगं, स्पिरिट मारतो मी सगळ्याला. हॉटेलातल्या चादरी दुसऱ्याच्या नसतात का? कटिंगच्या दुकानातला कंगवा? एवढं काय त्यात? कपांचं चुकलं, मी सांगतो मावशींना. आणि ही टिप बाहेरच्या देशातून येते, मापाला लागेपर्यंत पाच जोड्या वाया जातात. त्या सगळ्या फेकल्या तर हे दुकान, हा एसी, तुझी खुर्ची कुठून आणू?”

“पण आपण पाकीट समोर फोडतो, सर.”

“मग? फोडतोच की.”

तो हसला. दात शुभ्र होते. तिला ते दातही त्या टबातून घासून काढल्यासारखे वाटले.

नोकरी त्याच दिवशी सोडायला हवी होती. पुढे तिने स्वतःला हे किती वेळा सांगितलं, त्याला गणती नाही. पण घरी गेली तेव्हा वडील शेजाऱ्यांना तिचं कार्ड दाखवत बसले होते. लातूरला शाखा निघणार होती, ती तिच्याकडे द्यायचं महेश्वरने कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा कप घेऊन दुकानात गेली. टिप देण्याआधी कड उलटून बघायची, स्पिरिटने पुसायची आणि मगच घालायची, एवढं तिने ठरवलं. कपासाठी तिने जेवढं केलं, तेवढं दुसऱ्यांच्या कानांसाठी केलं नाही, हे तिला तेव्हा दिसलं नाही. किंवा दिसलं आणि तिने डोळे मिटले.

चौथ्या दिवशी दुकानात गर्दी असताना गुरुसिद्धप्पा आले. उजव्या कानाची एक टिप हरवली होती, जादा जोडी हवी होती. तिने कपाटातून दोन टोप्यांचं लहान पाकीट काढलं. पाठीमागे तिघं जण ताटकळत होते. दोन टोप्यांच्या टिपेची आतली घडी उलटायची तर चिमटा लागतो, आणि चिमटा खणात होता.

“समोर फोड यव्वा, त्यो आवाज बरा वाटतोय,” म्हातारा हसून म्हणाला.

तिने पाकीट फोडलं. चर्र आवाज आला. टिप इअरफोनला चढवली आणि तिने स्वतःच्या हाताने ती त्यांच्या चांगल्या कानात बसवली.

पंधरवड्याने ते परत आले ते कानावर हात दाबूनच. आधी खाज सुटली होती. मग पाणी यायला लागलं. आता कानात बोळा कोंबल्यासारखं झालं होतं आणि काशम्मा, त्यांची बायको, शेजारून बोलली तरी ऐकू येत नव्हतं. तिने कॅमेरा धरला. टीव्हीवर भिजलेल्या रद्दी कागदासारखा राखाडी पांढरा लगदा दिसला, आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी. जवळ वाकल्यावर वासही आला, बंद डब्यातल्या जुन्या पावाचा.

या कानाची तिला किळस आली नाही. कॅमेरा धरलेल्या स्वतःच्या हाताची आली.

“काय झालंय गं?” गुरुसिद्धप्पा ओरडून विचारत होते. ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं. “मळ का?”

तिने कागदावर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, त्याखाली लिहिलं, ‘आजच जा. कानात काही घालू नका.’ आणखी एक ओळ लिहायची होती. ती लिहिली नाही.

त्या रविवारी दुकानात ‘श्रवणमेळा’ होता. नवा माल आला की महेश्वर असा दिवस ठेवायचा. पंचवीसेक माणसं आली होती. अनिमेष नावाचा एक तरुण नेहमी यायचा, इंटरनेटवर इअरफोनची परीक्षणं करायचा, आणि आवाजाबद्दल बोलायला लागला की थांबत नसे. बार्शीच्या कॉलेजातले दिपक सर आले होते. महेश्वरने माइक हातात घेऊन फिटिंगचं महत्त्व सांगितलं. खर्ज कसा भरतो, आवाज कमी ठेवूनही कसं सगळं ऐकू येतं, रबर कधी आणि फोम कधी. सगळं खरं होतं. प्रत्येक शब्द बुद्धप्रियानेच त्याला शिकवलेला होता. मग त्याने तिला पुढे बोलावलं.

ती कॅमेऱ्याजवळ गेली. कपाटातून दहा सीलबंद पाकिटं काढली.

“आज कान नाही बघायचे,” ती म्हणाली. “ही पाकिटं नवी आहेत. तुमच्यासमोर फोडते.”

तिने पहिलं फोडलं, चिमट्याने टिपेची कड उलटली आणि कॅमेरा खाली धरला. भिंतीएवढ्या टीव्हीवर रबराची घडी एखाद्या गटारीच्या तोंडाएवढी दिसली, आणि तिच्यात वाळलेली पिवळी पापडी. त्या पापडीत एक केस होता. आखूड, पांढरा.

तिने दुसरं फोडलं. तिसरं. तिसऱ्यात काही नव्हतं. चौथ्यातल्या फोमवर तपकिरी कडं होतं. मागच्या रांगेतल्या एका बाईने तोंडाला रुमाल लावला.

“या टिप्स वापरलेल्या आहेत,” बुद्धप्रिया म्हणाली. “तुम्ही घालून बघितलेल्या. धुऊन परत पाकिटात घालतात, मागच्या खोलीत. मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे.”

महेश्वरने माइक खाली ठेवला, पण आवाज चढवला नाही. “एक लॉट खराब आला होता, तो परत पाठवायचा राहिला. मॅडमची तब्येत बरी नाही. आणि मॅडम, ही पाकिटं आजपर्यंत फोडून कोण देत होतं? मी?”

खरं तेच होतं.

तिला वाटलं होतं की आता माणसं उठतील, चिडतील, महेश्वरच्या अंगावर जातील. दिपक सर उठले. त्यांनी घेतलेली पिशवी टेबलावर ठेवली, “शी!” एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागून रुमालवाली बाई गेली. अजून चौघं-पाचजण गेले. बाकीचे बसून राहिले.

मग अनिमेषने हात वर केला.

“सर, म्हणजे टिप्स ओरिजिनलच आहेत ना? बाहेरच्याच?”

“शंभर टक्के ओरिजिनल.”

“मग वापरलेल्या निम्म्या भावात देता का? मी घरी उकळून घेतो. आवाजात काय फरक पडतो?”

कोणीतरी हसलं. पण हसणं विरायच्या आत दुसऱ्याने विचारलं, “फोमच्या पण देणार का?” तिसरा उठून पुढे आला आणि ज्या टिपेवर केस चिकटला होता, तीच टेबलावरून उचलून माप बघायला लागला. बोटाने ती साफ केली, बोट पँटला पुसलं. महेश्वरचा चेहरा हळूहळू खुलला. “बघू की,” तो म्हणाला, “बसून ठरवू.” पाच मिनिटांत टेबलाभोवती कोंडाळं झालं. माणसं पाकिटं चाचपत होती, चिकूच्या गाड्यावर फळं दाबून बघावीत तशी.

बुद्धप्रिया भिंतीला टेकून ते पाहत राहिली. टबापाशी तिला ओकारी झाली होती. इथे तीही आली नाही, नुसतं तोंड कडू झालं. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, कॅमेऱ्याशेजारी ठेवलं आणि ती बाहेर उन्हात आली. तिला कोणी थांबवलं नाही.

तिथून ती थेट गुरुसिद्धप्पांच्या घरी गेली. अक्कलकोट रोडला, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. रविवार असूनही दोन-तीन माग चालू होते आणि त्यांची खटखट गल्लीत पोचत होती. काशम्माने दार उघडलं. बुद्धप्रियाने दुकानाचं नाव सांगितलं.

“बा यव्वा, बा,” ये ये म्हणत म्हातारी हरखली. “बसा. तुमच्याच चिठ्ठीमुळं डॉक्टरकडं गेलो बगा.”

तिने पाणी दिलं. बुद्धप्रियाने तांब्याला हात लावला नाही. गुरुसिद्धप्पा पलंगावर बसले होते, उजव्या कानात औषधाची वात. डावा कान तिच्याकडे करून त्यांनी ऐकायचा प्रयत्न केला, पण जमेना. मग तिने काशम्माला सांगितलं आणि काशम्माने ते नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन, कानडीत, मोठ्याने सांगितलं. एकेक वाक्य. दुसऱ्याच्या कानातलं होतं. धुऊन दिलेलं होतं. हिच्या हाताने घातलं.

स्वतःची गोष्ट अशी दुसऱ्याच्या तोंडून, न कळणाऱ्या भाषेत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ऐकणं बुद्धप्रियाला सोसावं लागलं. काशम्माचा आवाज शेवटाकडे बदलत गेला. हरखलेपण केव्हाच संपलं होतं.

गुरुसिद्धप्पांनी काशम्माला हाताने बाजूला केलं.

“मी आलो तवा तुला म्हाईत हुतं?”

तिने मान हलवली. हो.

“किती दिस आदी?”

तिने चार बोटं दाखवली.

त्यांनी तिला शिवी दिली नाही. काशम्माने पुढे होऊन पाण्याचा भरलेला तांब्या उचलला आणि आत नेला. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

“जा आता,” गुरुसिद्धप्पा म्हणाले.

तिने त्यांना डॉक्टरांकडे न्यायची तयारी दाखवली, औषधांचंही विचारलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं. नंतर गिरिजाने बेंगळुरूहून फोन करून तिला दहा मिनिटं फैलावर घेतलं. बुद्धप्रियाने सगळं ऐकून घेतलं आणि हवं तर कुठेही लेखी द्यायला तयार आहे, असं सांगितलं. तिने लेखी दिलंही. ग्राहक मंचात तक्रार गेली. महेश्वरने नवीन फिटिंग एक्स्पर्ट ठेवली आणि दुकानाचं नाव बदललं. गर्दी कमी झाल्याचं काही दिसलं नाही. अनिमेषने परीक्षण टाकलं त्यात टिप्स स्वस्तात कुठे मिळतात, तेही सांगितलं होतं.

बुद्धप्रिया जुन्या धर्मादाय दवाखान्यात परत गेली. वडिलांनी कार्ड पाकिटातून काढलं, नोकरी का सोडली ते विचारलं नाही. तिनेच एक दिवस सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “चार दिवस कशाला थांबलीस?”

जूनच्या शेवटी दवाखान्यात नाव पुकारलं गेलं आणि गुरुसिद्धप्पा आत आले. डॉक्टरांनी श्रवणतपासणी करून आणायला सांगितलं होतं. बुरशी निघून गेली होती. कान उघडला होता, पण पूर्वीइतका आहे का ते मोजायचं होतं. बुद्धप्रिया उभी राहिली. तिने खुर्ची पुसली होती, कॅमेऱ्याचं टोक त्यांच्यादेखत जंतुनाशकात बुडवलं.

म्हातारा खुर्चीजवळ आला आणि थांबला. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. तोंडात काहीतरी वाईट आल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला. त्याने लपवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

“दुसरं कोनी हाय का हितं?” त्याने विचारलं.

“आहे,” बुद्धप्रिया म्हणाली.

शेजारच्या खोलीत उर्वी होती, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, नुकतीच लागलेली. तिने उर्वीला बोलावलं. उजव्या कानाची नळी अरुंद आहे आणि आत वळते, लहान टोकच वापर, घाई करू नकोस, हे तिला हळू आवाजात सांगितलं. मग ती बाहेर जाऊन बाकावर बसली. काचेतून तिला दिसत होतं. ध्वनिरोधक खोलीत बसून गुरुसिद्धप्पा आवाज ऐकू आला की बोट वर करत होते. उजव्या कानाची पाळी आली. उर्वी आवाज बारीक करत गेली, अजून बारीक. बोट वर जात होतं.

कागद बाहेर आला तेव्हा उर्वीने तो तिच्यापुढे धरला. उजवा कान जवळजवळ पहिल्यासारखा होता, थोडा कमी. बुद्धप्रियाने खाली सही केली नाही. ती उर्वीला करायला लावली.

गुरुसिद्धप्पा कागदाची घडी घालून तिच्यासमोरून गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि तिनेही हाक मारली नाही. पुढचं नाव पुकारायचं होतं.